थांबणारं बी, न थांबणारं बी

फणसाच्या आठळीला धीर नसतो. फळातून काढल्यावर ती ओलाव्यात राहिली तर रुजते आणि कोरडी पडली तर महिन्याभरात मरते. आंब्याची कोय, रातांब्याचं बी, जांभळाची बी यांचंही तेच. दोडक्याचं किंवा चवळीचं बी मात्र नीट वाळवून ठेवलं तर दोन-चार पावसाळे सहज काढतं. वाळवून साठवता येणारी बियाणी आणि वाळवली की मरणारी बियाणी हा भेद ई. एच. रॉबर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७३ साली मांडला. कोकणातल्या बायका त्याआधी कित्येक पिढ्या तो पाळत आल्या होत्या. दोडक्याचं बी त्यांनी चुलीच्या वर टांगलं, आणि आठळ्यांना ओल्या मातीचा लेप देऊन त्या गारव्याला ठेवल्या.

दाभोळ आणि त्याच्या भोवतालच्या जुन्या फळांची, भाज्यांची ओळख करून देताना मला सर्वांत आधी हा भेद सांगावासा वाटतो. पुढच्या पानांत येणाऱ्या प्रत्येक वाणाचं भवितव्य त्यावर ठरतं. जे बी थांबतं, ते डब्यात घालून जपता येतं. जे थांबत नाही, त्याच्यासाठी डबा नाही, शीतगृह नाही, बँक नाही. ते झाड म्हणूनच जगतं आणि झाड पडलं की संपतं. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेची बियाणी आहेत आणि दोन्हींचा आसरा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मोडत चालला आहे. पहिलीचा आसरा चूल होती, दुसरीचा परस.

दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. समोर धोपावे, मध्ये खाडी, येण्याजाण्याला फेरीबोट. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेला, त्यामुळे सपाट जमीन थोडी आणि घरं उताराला लागून. जांभ्याच्या गडग्यांनी बांधलेल्या लहान लहान परसांत नारळ, पोफळ, एखादा फणस, एखादा रातांबा, विहिरीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू. शेतीच्या हिशोबात या जमिनीला फारसं मोल नाही. पण वाणांच्या हिशोबात ती फार श्रीमंत होती, कारण प्रत्येक परस वेगळा आणि प्रत्येक घराची निवड वेगळी.

आज मासळीचं बंदर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या व्यापारी बंदरांपैकी एक होतं. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने आपल्या वृत्तांतात दाभोळचा उल्लेख केला आहे. पुढे दुआर्ते बार्बोझानेही या बंदराचं वर्णन लिहिलं. १५०८ च्या डिसेंबरात फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने हे शहर जाळलं आणि लुटलं. किनाऱ्याजवळची शाही मशीद सतराव्या शतकातली. या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. बंदराच्या पाठीमागे परसांत काय उगवत होतं, ते मात्र कोणी टिपून ठेवलं नाही.

आपण ज्याला बेलाशक गावठी म्हणतो, त्यातलं बरंच समुद्रावरून आलेलं आहे. लाल भोपळा, मिरची, पेरू, पपई, अननस, रताळं, काजू ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात ती या किनाऱ्यावर आली आणि हळूहळू आत पसरली. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात आंबा, फणस आणि कोकमासारख्या इथल्या फळांविषयी लिहिलं. ती इथली जुनी. भोपळा आणि मिरची नंतरची. म्हणून जुनं वाण म्हणजे अस्सल, शुद्ध, कुठूनही न आलेलं, अशी समजूत या पुस्तकाच्या वाचकाने करून घेऊ नये. एखादं बी एका घरात पिढ्यान् पिढ्या पेरलं गेलं, दर वर्षी त्यातलं चांगलं निवडलं गेलं, इथल्या पावसाला आणि इथल्या जेवणाला ते पटलं, एवढं झालं की ते आपलं. त्याचं मूळ ब्राझीलमध्ये असलं तरी मला त्याचं काही वाटत नाही.

आता थांबणाऱ्या बियांकडे येतो.

मृगाचा पाऊस पडला की परसात आळी करून बिया लावायच्या आणि वर मांडव घालायचा. तवसं, पडवळ, दोडका, घोसाळं, दुधी, कारलं, भोपळा आणि जमिनीवर पसरणारा चिबूड. आपल्या दापोली तालुक्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात मुळं न कुजता, पानांवर रोग न येता वेल मांडवावर चढणं ही साधी गोष्ट नाही. बाहेरून आणलेलं पाकिटातलं बी पुष्कळदा जुलैच्या झडीत मान टाकतं. घरचं बी तग धरतं, कारण ज्या वेली जुलैत मेल्या त्यांचं बी कधी पुढे गेलंच नाही. ही निवड कोणी वही-पेन्सिल घेऊन केली नाही, पावसाने केली. उरलेल्यातलं गोड कोणतं, लांब कोणतं, बिया कमी कोणात, हे स्वयंपाक करणारीने ठरवलं.

गणपतीपर्यंत मांडव फळांनी लगडतो. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही, असा नेम आहे. म्हणून ऋषीच्या भाजीत नांगराविना आलेलं सगळं पडतं: अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. या एका भाजीने परसातली किती वाणं जिवंत ठेवली, याचा विचार केला की मला त्या नेमाबद्दल खरोखर आदर वाटतो. दक्षिण रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत गणपतीच्या वर जी माटवी किंवा माटोळी बांधतात, तिच्यातही तवसं, चिबूड, पपनस, नारळ, सुपारीचे घड आणि रानातली कितीतरी फळं टांगलेली असतात. गोव्यात माटोळीच्या स्पर्धा होतात, आणि त्यासाठी लोक विस्मरणात गेलेली फळं रानावनांतून शोधून आणतात.

पण सणापेक्षाही मला रोजच्या पदार्थाची ताकद मोठी वाटते. तवशाचंच उदाहरण घ्या. कोवळं तवसं कोशिंबिरीला जातं. जून झालेलं, साल पिवळी-तांबूस पडलेलं तवसं किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. धोंडसासाठी तवसं वेलावर पुरतं पिकू द्यावं लागतं, आणि पुरत्या पिकलेल्या तवशातलंच बी पेरण्याजोगं असतं. कोशिंबिरीच्या कोवळ्या तवशातलं बी पांढरं, पोचट. ते रुजत नाही. म्हणजे ज्या घरात धोंडस होतं, त्या घरात बी आपोआप हाताशी येतं. धोंडस थांबलं की तवसं कोवळंच तोडलं जातं आणि एक-दोन वर्षांत बी संपतं. घोसाळ्याचं तसंच. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने अंग घासायची आणि भांडी घासायची रीत होती, म्हणून काही घोसाळी वेलावर वाळू दिली जात आणि ती झाडली की बी पडे. जून दुधी पोखरून त्याचं भांडं करत, तेव्हाही बी बाहेर यायचं. चवळी आणि पावटे तर बी म्हणूनच खायचे. बियाणं राखायचं असं वेगळं काम त्या काळी फारसं नव्हतंच. ते खाण्यापिण्याच्या आणि वापराच्या रीतीत मुरलेलं होतं. जुनं वाण जपायचं असेल तर त्याचा पदार्थ जपावा लागतो, हे माझं या विषयातलं सर्वांत पक्कं मत आहे आणि पुढची पानं वाचताना ते लक्षात असावं.

बी काढायची रीत सांगतो. तवशाचा किंवा चिबडाचा गर बियांसकट एक-दोन दिवस भांड्यात ठेवायचा. तो आंबला की बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग पाण्यात धुवायचं. बुडेल ते ठेवायचं, तरंगेल ते टाकायचं. सावलीत वाळवून राख चोळायची. काही घरांत बिया शेणात कालवून भिंतीला थापत. शेण सुकलं की बी त्यात बंद, किडीला वाट नाही. दोडका तर फोडायचाही नाही. अख्खा वाळलेला दोडका चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर टांगून ठेवायचा आणि मृगाला काढून झाडायचा.

हे धुराचं प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे. बियाणं टिकतं ते कोरडेपणावर आणि गारव्यावर. बियाणेशास्त्रात एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी साधारण दुप्पट होतं. कोकणात गारवा नाही आणि चार महिने हवा पाण्याने भरलेली. या हवेत उघडं ठेवलेलं बी ओलावा ओढून घेतं, बुरशी धरतं, किडीला बळी पडतं. चुलीवरची जागा ही घरातली भर पावसातही कोरडी राहणारी एकमेव जागा होती. ऊब बी वाळतं ठेवायची आणि धूर किडीला लांब ठेवायचा. गॅस आला, स्वयंपाकघरातली काजळी गेली, बायकांच्या डोळ्यांचा आणि छातीचा त्रास कमी झाला. हे उत्तमच झालं, त्याबद्दल कोणी हळहळू नये. फक्त चुलीसोबत बियाण्याची कोठीही गेली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि तिची जागा घेईल असं काही घरात आलं नाही. आज त्याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. बी सावलीत चांगलं वाळवावं, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालावं, सोबत कोरडे भाजून गार केलेल्या तांदळांची पुरचुंडी टाकावी म्हणजे उरलेला ओलावा ती शोषते, आणि बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बरणीवर नाव, वर्ष आणि कुणाकडून आणलं ते लिहावं.

दुसरी अडचण परागीभवनाची. चवळीचं, वांग्याचं, टोमॅटोचं बी बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे ते फारसं बिघडत नाही. वेलभाज्यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मधमाश्या, भुंगे, रात्रीचे पतंग शेजारच्या मांडवावरून पराग आणतात. शेजाऱ्याने संकरित भोपळा लावला असेल तर आपल्या भोपळ्याच्या बियांत तो उतरतो. उपाय जुनाच आहे: उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आदल्या दिवशी दोऱ्याने बांधायची, उमलायच्या वेळी सोडून हाताने पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. वेळ मात्र फुलागणिक वेगळी. भोपळा आणि तवसं सकाळी उमलतात, दोडका, दुधी आणि पडवळ संध्याकाळी. दोडका आणि घोसाळं एका कुळातली भावंडं, पण दोडका संध्याकाळी फुलतो आणि घोसाळं पहाटे, त्यामुळे एकाच मांडवावर असूनही ती सहसा मिसळत नाहीत. आणि एकाच वेलाचं बी धरून बसू नये. चार-सहा वेलींचं एकत्र करावं, म्हणजे वाण हळूहळू दुबळं पडत नाही.

दुधीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. घरच्या बियांतून कधी कडू दुधी निपजतो. तो अजिबात खाऊ नये, रस तर मुळीच पिऊ नये. त्या कडूपणात विष असतं आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. बी धरण्याआधी फळाचा बारीक तुकडा जिभेला लावून थुंकून टाकावा. कडू लागला तर तो वेल उपटावा आणि त्याचं बी ठेवू नये.

लोकांनी परसातल्या भाज्या सोडल्या त्याला आळस किंवा शहराची हौस एवढंच कारण देणं अन्यायाचं होईल. माकडं आणि वानरं आज कोकणातल्या प्रत्येक गावात उतरतात, रात्री डुकरं येतात. राखण करायला घरात माणूस नाही, कारण तरुण माणूस मुंबईला आहे. तीन महिने जपलेला मांडव एका सकाळी ओरबाडला जातो, आणि पुढच्या वर्षी त्या घरात बी लावलं जात नाही. ज्या घरांनी अजून मांडव राखला आहे, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

अळू, सुरण, कोनफळ, करांदे, केळी यांना बियांची गरजच नाही. कंद आणि मुनवे शेजारून मागून आणायचे, एवढंच. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत.

न थांबणाऱ्या बियांची गोष्ट मात्र मोठी आहे आणि तिच्यात काळजी अधिक आहे.

रायवळ आंबा कोयीपासून वाढतो आणि आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीतून आईसारखं झाड निघेल याची खात्री नसते. मोहोरावर माशी कुठून पराग घेऊन आली, त्यावर ते ठरतं. म्हणून प्रत्येक रायवळ हे स्वतःपुरतं एक वाण आहे. त्याच्यासारखं दुसरं झाड जगात नाही. गावाने त्यांना नावं दिली ती यामुळेच: शेंदऱ्या, साखऱ्या, खोबऱ्या, शेपूचा वास येणारा शेप्या, लोणच्याचा वेगळा, हातात मावतील एवढ्याशा आंब्यांची बिटकी. एक आंबा कोयाड्याला, एक मिठाच्या पाण्यात घालायला, एक साठांना, एक फक्त चोखायला. पाहुण्याला कापून हापूस द्यायचा आणि घरच्या मुलांनी टोपलीभर बिटक्या चोखायच्या, असा मे महिना होता.

हापूसची गोष्ट उलट. तो कलमाने वाढतो, त्यामुळे देवगडपासून दापोलीपर्यंतची लाखो झाडं एकाच रक्ताची. गोडीची खात्री त्यातून येते आणि दुबळेपणही त्यातूनच येतं. साका पडायची, म्हणजे फळाचा गर आतून बिघडायची, खोड सगळ्यांना, वर्षाआड फळायची सवय सगळ्यांना. तुडतुडे आले, फुलकिडे आले, अवकाळी पाऊस आला की फटका सगळ्यांना एकदम. हापूसला मी कमी लेखत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च त्याच्यावर चालतो, आणि २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं हे योग्यच झालं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. नाव नसलेल्या रायवळाला त्याचा काही आधार नाही.

आणि हापूस उभा असतो तो रायवळाच्याच मुळांवर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रूढ केलेल्या कोय कलमाच्या पद्धतीत रायवळाची कोय रुजत घालतात. पंधरा-वीस दिवसांचं, तांबूस पानांचं कोवळं रोप छाटून त्यावर हापूसची काडी बांधतात. पाऊस पिणारी, जांभ्यात शिरणारी मुळं रायवळाची आणि वर फळ हापूसचं. कोकणातली बागायत ज्यांच्या पायावर उभी आहे, ती झाडं आपण फळ्यांसाठी, आंब्याच्या खोक्यांसाठी आणि सरपणासाठी तोडली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली. वरकस जमिनींवर कलमं लागली, लोकांच्या हातात पैसा आला. त्याच ओघात बांधावरचे आणि परसातले जुने आंबे अडगळ ठरले. वडाच्या घेराचा रायवळ एका दिवसात कापला जातो. त्याची चव पुन्हा कधीही येत नाही.

दाभोळहून तासाभराच्या वाटेवर असलेलं दापोलीचं हे कृषी विद्यापीठ १९७२ च्या १८ मे रोजी सुरू झालं, आणि आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याने १९८१ साली दिलेली रत्ना ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातली. तिला साका पडत नाही. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याआधीचं, १९५७ सालचं. तिथून बाहेर पडलेली वेंगुर्ला-१ ही काजूची जात मुळात जवळच्या आणसूर गावातल्या एका झाडाची निवड आहे, आणि वेंगुर्ला-४ च्या वंशात वेतोरे गावच्या झाडाचा वाटा आहे. कोकण अमृता आणि कोकण हातीस या रातांब्याच्या जातीही कोकणातल्या झाडांतूनच निवडलेल्या. संशोधकाला निवडायला काहीतरी लागतं आणि ते कुणाच्या तरी परसातूनच येतं. आणसूरचं ते झाड संशोधक पोचण्याआधी कुणी तोडलं असतं, तर वेंगुर्ला-१ नसती. उद्याच्या उष्ण हिवाळ्यात मोहोर धरणारा आंबा, अवकाळी पावसात न कुजणारा रातांबा आज कुठल्या गडग्याआड उभा असेल, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून ही झाडं उभी ठेवायची.

फणसाचे दोन मोठे भेद, कापा आणि बरका. कापा बाजारात जातो. त्याचा गरा कुरकुरीत, तळायलाही चांगला. बरक्याचा गरा मऊ, रसाळ, गिळगिळीत, आणि आजच्या मुलांना तो नकोसा वाटतो. पण फणसपोळी आणि सांदणं बरक्याचीच. सांदणं मागे पडली तसा बरका मागे पडला. ‘बरका आहे, काढून टाका’ हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकलं आहे! रातांब्याची अडचण निराळी. त्याची नर झाडं वेगळी, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळायलाच सहा-सात वर्षं जातात. म्हणून आता लोक मादीची कलमं लावतात. ते बरोबरच आहे, पण परागासाठी थोडे नर राखावे लागतात, आणि ओळीने सगळीकडे एकच कलम लावलं तर रातांब्याचाही हापूस होईल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आंबे, फणस, काजू मुळासकट उपटले. भरपाईच्या यादीत झाडांची संख्या लिहिली गेली. कुठला रायवळ, कुठला बरका, कुठली बिटकी गेली, ते लिहायला रकाना नव्हता. अशा झाडांना बियाणे बँकांचाही आधार नाही. स्वालबार्डच्या बर्फातली बियाण्यांची तिजोरी २००८ सालापासून उघडी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शीतगृहात लाखो नमुने आहेत. तिथे तांदूळ राहतो, चवळी राहते. आठळी राहत नाही.

मग करायचं काय? उत्तरं आहेत आणि ती जवळचीच आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडे, वांगी, वेलभाज्या यांचं गावठी बी घरी राखलं. बायफ संस्थेची साथ मिळाली, घराची बियाणे बँक झाली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. थांबणाऱ्या बियांसाठी त्यांची वाट आपल्याला जशीच्या तशी घेता येते. फक्त आपल्या दमट हवेसाठी बरणी अधिक घट्ट हवी. न थांबणाऱ्या बियांसाठी उत्तर कन्नड जिल्ह्याकडे पाहावं. शिरसीच्या बाजूला नदीकाठी वाढणारा अप्पेमिडी हा लोणच्याचा आंबा. त्याचीही रानातली झाडं सरत चालली होती. तिथल्या बागायतदारांनी उत्तम वासाच्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कैऱ्यांच्या झाडांच्या काड्या आणून कलमं बांधली, एकमेकांना वाटली आणि प्रत्येकाचं नाव राखलं. ज्या कलमाने आपल्याकडे सगळीकडे एकच आंबा पसरवला, त्याच कलमाने तिथे शंभर आंबे वाचवले. गावातल्या माळ्याला हे काम येतं. त्याला हापूसच्या काडीऐवजी शेंदऱ्याची काडी द्यायची, एवढाच फरक.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि बिनछापाचं विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे, आणि शेतकऱ्याला आपलं वाण शुल्काविना नोंदवता येतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ही कल्पना माधव गाडगीळ यांनी फार आधीपासून मांडली होती. नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवायची नसते. तिच्यात गावातल्या प्रत्येक जुन्या झाडाला ओळ हवी: कुठे आहे, किती घेराचं, फळ कधी, चव कशी, कशाला वापरतात, मालकाची तयारी काय. निसर्गसारखं वादळ पुन्हा येईल तेव्हा काय गेलं ते तरी कळेल, आणि त्याआधी कशाची काडी घ्यायची तेही.

मुंबईकर गावी येतो तो दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला. एकदा फळांच्या हंगामात, एकदा भाज्यांच्या. हा योग साधायला हवा, आणि म्हणून वाचकाला माझी विनंती आहे. मे महिन्यात घरी आलात की परसातल्या जुन्या आंब्याचं, फणसाचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. चांगल्या बिटकीची कोय त्याच आठवड्यात लावा, आठळीही लगेच लावा, आणि पाऊस लागल्यावर माळ्याला बोलावून त्या झाडाची दोन कलमं बांधून घ्या. एक आपल्या जमिनीत, एक शेजाऱ्याच्या. गणपतीला मांडवावरचं एक चांगलं तवसं आणि दोन दोडके बियाणाचे म्हणून खूण करून राखा, आणि परत जाताना घरच्या माणसांना ते तोडू नका म्हणून सांगून जा.

या पुस्तकात ज्यांची नोंद राहून गेली असेल अशी झाडं आणि वाणं तुमच्या परसात असतील, तर ती आधी आपल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून घ्या. तिथे नोंदवहीच नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत ती मागा.